खड्यावरची वाफ

१

घरी ते ‘अहो’ आणि ‘बाबा’, पेढीवर ‘भिंगकाका’; खरं नाव बिचारं वापराविना गंजून गेलं होतं. गळ्यात काळ्या दोरीनं अडकवलेलं भिंग आंघोळीपुरतंच उतरायचं. दागिन्यांच्या त्या पेढीत, मागच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीशी त्यांचं मेज होतं, आणि त्या मेजावर त्यांनी उभं आयुष्य खडे बसवण्यात घालवलं होतं. सोन्याचं काम दुसरे करत. काकांकडे दागिना यायचा तो रिकाम्या कोंदणासकट. तो लाखेच्या गोळ्यावर घट्ट रोवायचा, खडा चिमट्यात धरून कोंदणात अलगद उतरवायचा आणि सोन्याची कड चहूबाजूंनी दाबून त्याला कायमचा डांबून टाकायचा. ‘डांबून’ हा त्यांचाच शब्द. एकदा बसवलेला खडा हलता कामा नये, यावर त्यांची इभ्रत होती.

पण कोंदणात उतरवण्याआधी एक गोष्ट ते कधी चुकवत नसत. खडा तोंडाजवळ न्यायचा आणि त्यावर ‘हाऽ’ करून वाफ सोडायची. खऱ्या खड्यावरून वाफ बघता बघता पळते. काचेवर ती रेंगाळते. मालकांनी तपासणीचं यंत्र आणून शेजारच्या खोलीत टेबलावर सजवून ठेवलं, तरी काकांचं ‘हाऽ’ काही सुटलं नाही.

“यंत्र बिघडतं, श्वास बिघडत नाही,” ते म्हणायचे.

“काका, तुम्ही कांदा खाऊन आलात ना, की खडासुद्धा तोंड फिरवतो,” मालक म्हणायचे. मालक वयानं लहान, मनानं दिलदार आणि जिभेनं तिखट.

पेढीचा अर्धा धंदा जन्मखड्यांवर चाले. ज्या महिन्यात जन्म, त्या महिन्याचा खडा. पुढच्या दुकानातलं मालकांचं पाठ झालेलं पुराण मागच्या खोलीत ऐकू येई: जुलैचं माणिक संकट यायच्या आधी काळवंडतं, डिसेंबरचा पिरोजा अंगावरचं माणूस आजारी पडलं की फिका होतो, मेचा पाचू बघून साप आंधळा होतो, ऑगस्टचा पेरिडॉट सोन्यात बसवला की अंधाराचं भय जातं. पूर्वीचे हौशी लोक म्हणे बाराही खडे बाळगत आणि महिना बदलला की अंगठी बदलत. गिऱ्हाईक आ वासून ऐके. काकांना मात्र हसू येई. कुठल्या महिन्याला कुठला खडा, ही यादी शंभरएक वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनीच एका सभेत बसून पक्की केली, हे त्यांना ठाऊक होतं. “खड्याला कुठं कॅलेंडर वाचता येतं? जमिनीत होता तेव्हा त्याला सोमवार कळत नव्हता, महिना काय कळणार!” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

तरी एक नियम तेही पाळत. येणाऱ्या नातवंडासाठी कुणी दागिना सांगितला, तर सोन्याचं काम आधी व्हायचं, पण कोंदण रिकामं ठेवायचं. मूल जगात आल्याचा निरोप आला की मगच खडा बसवायचा. काकांना हे काम शिकवलं त्या वस्तादांचा हा नियम. “आलेल्याला खडा द्यावा, खडा ठेवून कुणाला बोलावू नये,” असं वस्ताद म्हणत. काकांनी त्याचा आपला सरळ अर्थ लावला होता: मूल लवकर आलं, महिना हुकला, तर बसवलेला खडा उपटण्याचा ताप नको.

२

काकांची एकुलती एक लेक आणि जावई वरच्या मजल्यावर राहत. लेकीला दिवस गेले होते. याआधी एकदा हातातोंडाशी आलेलं सुख निसटलं होतं, आणि तेव्हापासून घरात बाळाचा विषय निघाला की सगळे आवाज खाली आणत. या वेळी बाळ पोटात उलटं बसलं होतं. म्हणून डॉक्टरांनी सप्टेंबरच्या मध्यावरची तारीख ठरवून दिली. त्या दिवशी शस्त्रक्रिया करून बाळाला बाहेर काढायचं. म्हणजे महिना पक्का झाला आणि खडाही पक्का झाला. सप्टेंबरचा नीलम.

आणि नेमका तेव्हाच पेढीवर एक नीलम आला. हरभऱ्याएवढा, पण रंग असा खोल की भिंगातून बघताना काकांना मान मागे घ्यावीशी वाटली. उभ्या आयुष्यात त्यांनी मालकांकडे काही मागितलं नव्हतं. हा मागितला.

“घेऊन टाका काका,” मालक म्हणाले. “माझ्याकडून बाळाला. फक्त लवकर हलवा माझ्या डोळ्यांपुढून. एक बाई उद्या बघायला यायच्या आहेत, त्यांनी हट्ट धरला तर माझी पंचाईत.”

काकांनी काय करावं? बाळासाठी सोन्याचं छोटं लॉकेट तयारच होतं. त्यांनी ते त्याच संध्याकाळी लाखेत रोवलं, नीलमवर ‘हाऽ’ केलं, वाफ पळाली आणि त्यांनी खडा कोंदणात डांबून टाकला. बसवलेला खडा कुणी मागत नाही. वस्तादांची आठवण आली. पण डॉक्टरांनी तारीखच दिल्यावर नियम कसला पाळायचा, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “बाजारात तुरी आणि तुमची घाई बघा. बाळ येऊ तरी द्यायचं होतं.” म्हणाली हसत, पण म्हणाली.

ऑगस्ट संपायला आला होता. काका मेजावर वाकलेले असताना जावयाचा फोन आला. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. सगळे दवाखान्यात धावले, आणि दिवे लागायच्या आत मुलगी झाली. वजनाला कमी, रंगानं लालबुंद, मूठ काकांच्या अंगठ्याच्या नखाएवढी. पण जिवंत, आणि रडतही होती. लेकीनं डोळे मिटून एवढंच विचारलं, “बाबा, रडतेय ना हो ती?”

“रडतेय काय, दवाखाना डोक्यावर घेतलाय,” काका म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. बाळाचं नाव तिथल्या तिथे पिटुकली पडलं. महिना चुकला, याची आठवण तेव्हा कुणाला होणार?

३

आठवण झाली ती दुसऱ्या दिवशी पेढीवर. सगळ्यांना चहा पाजून झाल्यावर काका मेजाशी बसले. नीलम काढायचा आणि ऑगस्टचा पोपटी पेरिडॉट बसवायचा, एवढंच काम. त्यांनी खण उघडला. कापसावर लॉकेट होतं आणि त्यातला खडा पांढरा दिसत होता.

धूळ असेल म्हणून त्यांनी बोट फिरवलं. बोट ओलं झालं. ती वाफ होती. बघता बघता ती कडेकडेनं आक्रसत गेली आणि निळा रंग वर आला. खरा खडा, वाफ पळणारच, त्यात नवल काही नाही. पण सोडली कुणी?

काका बघत राहिले. निळ्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका उमटला, पसरत कडेपर्यंत गेला, क्षणभर थांबला आणि मागे सरकला. पुन्हा ठिपका. पुन्हा पसरला. संथ, लांब, कुठेही न अडखळता.

काकांनी आधी स्वतःवर संशय घेतला, ही त्यांची जुनी सवय. तोंडावर रुमाल धरला. खुर्ची मागे ओढली. लॉकेट खिडकीत उन्हात ठेवलं. पंखा बंद केला तेव्हा खोली एकदम मोठी वाटू लागली, आणि पुढच्या दुकानातलं मालकांचं बोलणं फार लांबून आल्यासारखं वाटलं. खड्यावरची वाफ येत होती, जात होती. कोंदणात ओल अडकली असेल, ते स्वतःला म्हणाले. मेजाच्या लाकडाला ओल आली असेल. आपलं वय झालंय, डोळ्यांत पडदा आला असेल. तीन कारणं मिळाली म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की आपलाही श्वास खड्याच्या चालीवर पडलाय. तो वाफ सोडत होता तेव्हा तेही सोडत होते.

त्यांनी घाईघाईनं कड उचकटून खडा बाहेर काढला. कोंदणाचा तळ भिंगातून पाहिला. ठणठणीत कोरडा होता. पेरिडॉट जरा लहान पडला, म्हणून खाली सोन्याची बारीक पट्टी घालावी लागली. त्याच्यावर त्यांनी ‘हाऽ’ केलं. वाफ पळाली आणि पुन्हा आली नाही. या साध्यासुध्या, गुणी खड्याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी त्याला शाबासकी दिली.

नीलम कागदाच्या पुडीत घालून त्यांनी खणात मागे सारला. संध्याकाळी निघताना पुडीला हात लावला. कागद ओला होऊन मऊ पडला होता.

४

पिटुकली घरी आली आणि घराची चाल बदलली. सगळे तिच्या झोपेच्या वेळापत्रकावर जगू लागले. वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत वाळत घातलेल्या दुपट्यांचा वास असे, पडदे ओढलेले असत आणि पाळण्याशेजारी कुणी ना कुणी बसलेलं असे, कारण तिचा श्वास वेगळा होता. दोन आखूड, एक लांब, आणि मग जरासा थांबा. पुढचा घ्यावा की नाही असा विचार करत असल्यासारखा. त्या थांब्यात ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकायचा. डॉक्टर म्हणाले, लवकर आलेल्या बाळांचं असं असतं, भरेल हळूहळू. घरानं तो श्वास पाठ केला. लेक तर झोपेतही बोटांनी चादरीवर ठेका धरायची: दोन आखूड, एक लांब.

काका पेढीवरून आले की हातपाय धुऊन वर जात, गळ्यातलं भिंग तिच्या नाकाशी धरत. भिंगावर इवलीशी वाफ बसायची आणि उडायची.

“अस्सल माल आहे गं,” ते लेकीला म्हणायचे. “काचेचं काम नाही.”

“बाबा, पोरगी आहे ती, खडा नाही,” लेक म्हणायची, पण दुसऱ्या दिवशी तीच आठवण करायची, “बाबा, आज तपासलं नाहीत तिला?”

पेरिडॉटचं लॉकेट तिच्या गळ्याशी, झबल्याच्या बंदाला बांधलं होतं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त काकांना माहीत होतं की पेढीवर मेजाच्या खणात दुसरं कुणीतरी, न अडखळता, पोटभर श्वास घेतंय. एकदा न राहवून त्यांनी बायकोला सांगितलं. सगळं नाही, थोडंसं.

तिनं हातातलं काम थांबवलं. “हे वर बोललात तर बघा. पोर अजून थांबून थांबून श्वास घेते, आई तिची झोपत नाही, आणि तुम्ही खड्यांच्या कथा सांगताय? दिवसभर त्या भिंगातून बघता, डोळे तपासून घ्या.”

बायकोचं काही चुकत नव्हतं.

५

मालकांना त्यांनी खडा दाखवला. मालकांनी तो हातात घेतला, वाफ येताना पाहिली, जाताना पाहिली.

“एसीच्या गारव्यानं होतंय,” ते म्हणाले आणि यंत्राखाली धरला. “अस्सल आहे. कशाची भीती वाटतेय तुम्हाला?”

“भीती नाही. नको झालाय. महिना चुकला ना, आता पोरीला तो लागत नाही. मालक, तुम्ही परत घ्या. बाहेरगावी विकून टाका. लांब पाठवा.”

मालक हसले. “ठेवा आजचा दिवस तुमच्याकडेच. उद्या तिजोरीत टाकू.”

ती दुपार काकांना पुढे जन्मभर पुरली. मालक जेवायला गेले होते. काकांनी लोखंडी ठोकळा मेजावर घेतला, त्यावर नीलम ठेवला आणि हातोडी उचलली. आजवर खडा फोडायला त्यांनी हातोडी कधी उचलली नव्हती. नीलम कठीण असतो, पण नेमका घाव बसला तर तुकडे होतात, आणि नेमका घाव त्यांच्या हातात होता.

हातोडी वर गेली आणि खड्यावरची वाफ वेगानं येऊ-जाऊ लागली. आखूड, भेदरलेली. लहान मूल रडण्याआधी श्वास घेतं तशी. मग एकदम थांबली. खडा निळाशार, स्वच्छ. जे कोण होतं त्यानं श्वास रोखून धरला होता.

काकांनी हातोडी खाली ठेवली. आपल्याला कुणी येडा म्हणेल, हे कळत होतं. पण जे श्वास घेतं त्याच्यावर घाव कसा घालायचा? आणि हे कोण आहे याचा विचार आता टाळून टळत नव्हता. तारीख दिली होती, खडा बसवून जागा तयार ठेवली होती. बोलावलं होतं आपणच. ते निघालं होतं, आणि त्याच्या आधी दुसरी आली. यात त्याचा काय दोष? काकांना स्वतःच्याच मऊपणाची चीड आली, तरी हात उचलला नाही. थोड्या वेळानं ठोकळ्यावर पुन्हा हलकेच वाफ उमटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुडी मालकांच्या हाती दिली, तिजोरीचं दार बंद होईपर्यंत उभे राहिले आणि मग कुठे मेजाशी बसले.

६

डॉक्टरांनी दिलेली तारीख उजाडली. घरात ती कुणाच्या ध्यानातही नव्हती. बाळ पाळण्यात असताना कोण आठवणार? काकांच्या मात्र सकाळपासून मनात पाल चुकचुकत होती. तिजोरी बंद होती. खडा घरापासून लांब होता. डोळ्यांत तेल घालून आजचा दिवस काढला की झालं, असं ते स्वतःला सांगत होते.

दुपारी मालक बाहेरून आले ते हसतच.

“तुमच्या घरूनच येतोय,” ते म्हणाले. “पोरगी काय गोड आहे हो! आज तीच तारीख ना, डॉक्टरांनी दिलेली? माझ्या बरोबर लक्षात होती.”

काकांच्या हातातला चिमटा मेजावर पडला.

“आता रागावू नका. नीलममध्ये तुमचा जीव होता. भिडस्त माणूस तुम्ही, फुकट घ्यायला नको म्हणून परत देत होतात, मला कळत नाही होय? समोरच्या गल्लीतल्या कारागिराकडून बांगडीत बसवून घेतला, तुम्हाला पत्ता लागू न देता. आणि आत्ता माझ्या हातानं पोरीच्या मनगटात घातला. काका? अहो काका, कुठं निघालात?”

काका रस्त्यावर होते. माणसं चालत होती, एक जण शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता, वळणावर गाड्या अडल्या होत्या. सगळं रोजच्यासारखं होतं, याचाच त्यांना राग येत होता. पळता पळता त्यांना आतून कळून चुकलं होतं की पळून काही उपयोग नाही.

वरच्या खोलीच्या दारात बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. तिचा चेहरा खुलला होता. “मघापासून अशी गाढ झोपलीय,” ती कुजबुजली. “आणि ऐका तरी. श्वास भरला हो तिचा.”

काकांनी ऐकलं. संथ, लांब, कुठेही न अडखळता.

लेक पाळण्याशेजारी खुर्चीतच झोपली होती, कितीतरी दिवसांनी. काका वाकले. मनगटात बांगडी, बांगडीत नीलम. स्वच्छ होता. त्यांनी वाट पाहिली, आणखी पाहिली. एक कणही वाफ आली नाही. मग त्यांची नजर गळ्याशी गेली.

पेरिडॉट पांढरा झाला होता. वाफ ओसरली, पोपटी रंग दिसला, पुन्हा वाफ आली. दोन आखूड. एक लांब. आणि मग जरासा थांबा.

काकांनी भिंग बाळाच्या नाकाशी धरलं. छाती वर-खाली होत होती, नाकपुड्या हलत होत्या. भिंग कोरडं. त्यांनी ते सदऱ्याला पुसून पुन्हा धरलं. कोरडंच.

त्यांनी बांगडी काढली. सहज निघाली, काही झालं नाही. लॉकेट बाळाच्या ओठांना टेकवलं, नाकाशी नेलं, छातीवर दाबून धरलं. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. खडा कोंदणात कसा घालायचा आणि बाहेर कसा काढायचा एवढंच त्यांना येत होतं, आणि इथं त्यातलं काहीच चालणार नव्हतं.

बाळानं डोळे उघडले. इतक्या दिवसांच्या बाळाची नजर भिरभिरते, कुठे ठरत नाही. ही सरळ त्यांच्यावर येऊन थांबली. ओळखीची नजर. हातोडी खाली ठेवणाऱ्या माणसाचे कुणी उपकार मानावेत, तशी.

“बाबा?” लेक जागी झाली होती. “काय करताय?”

“काही नाही,” काका म्हणाले. “भिंग पुसतोय.”

७

त्यानंतर सगळं छान झालं. डॉक्टरांनी पोरीचं वजन केलं, छाती तपासली, पाठ थोपटली आणि जावयाचं अभिनंदन केलं. शेजारीपाजारी म्हणू लागले, बाळ असावं तर असं, रडत म्हणून नाही. ती दूध प्यायची, पण मागायची नाही. कुणी घेतलं की जायची, ठेवलं की राहायची. काका तिला घेत. घ्यावंच लागे. तिचा तरी काय दोष, असं ते अजूनही म्हणायचे, आणि म्हणताना त्यांना रडू यायचं.

एकदा लेक हळूच म्हणाली, “बाबा, ही खांद्यावर झोपली ना, की मानेला तिचा श्वास लागत नाही. गार वाटतं.”

“खिडकीचा वारा असेल,” काका म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? तिला एकदा रिकाम्या हातांनी दवाखान्यातून परतताना त्यांनी पाहिलं होतं.

लॉकेट धुरकट होतं म्हणून लेकीनंच ते काढून त्यांच्याकडे साफ करायला दिलं होतं. ते त्यांनी परत दिलं नाही. सदऱ्याच्या वरच्या खिशात, छातीशी ठेवलं. पेढीवर अधूनमधून ते बाहेर काढून बघत. आता दुसऱ्या कुठल्याही खड्यावर ते ‘हाऽ’ करत नसत. या एकाच खड्यावर करत, हलकेच, कुणीतरी जवळ आहे एवढं त्याला कळावं म्हणून. मग वाट बघत. दोन आखूड, एक लांब. थांबा पूर्वीपेक्षा मोठा होत चालला होता.

एका दुपारी लेकीनं विचारलं, “बाबा, ते लॉकेट कुठंय हो? मला का कोण जाणे, सकाळपासून ते हवंसं वाटतंय.”

काकांनी आढेवेढे घेतले. मग खिशातून काढून दिलं. तिनं ते मुठीत घेतलं आणि दचकून स्वतःकडे पाहिलं. कपडे पुढून ओले होत होते.

“अगं बाई, पान्हा फुटला,” ती हसली. “म्हणजे हिला भूक लागली वाटतं.” ती पाळण्याकडे वळली.

पाळण्यातली जागी होती. ओठ मिटून, शांत, काकांकडे बघत पडली होती.

लेक गोंधळली. “मग मला का असं वाटतंय…” ती थांबली. कुठून तरी काही ऐकू येतंय का, अशी तिनं मान तिरकी केली. मग तिनं दवाखान्यात विचारलं होतं तेच पुन्हा विचारलं. “बाबा, रडतेय का हो ती?”

काकांनी तिच्या मुठीतून लॉकेट काढून घेतलं. खडा पुरता पांढरा झाला होता. वाफ ओसरतच नव्हती. एकावर एक, आखूड, आखूड, आखूड येत होती.

“नाही गं,” ते म्हणाले. “बघ ना, किती शांत आहे.”

लेकीनं पाळण्यातल्या बाळाला उचलून छातीशी धरलं. काकांनी मूठ मिटली. ती आतून ओली होत राहिली.